ढोलकीचे डोंगर

आमच्या गावच्या यात्रेचे टीशर्ट दरवर्षी एकाच साच्यातून निघायचे. छातीवर भैरवनाथाचा मुखवटा, त्याच्या दोन्ही अंगांना वर्गणी देणाऱ्यांचे फोटो, पाठीवर 'स्वयंसेवक' आणि बाहीवर एखाद्या भावी सरपंचाचं आडनाव. जुन्नर तालुक्यातल्या निम्म्या गावांत हेच चालतं. जितके फोटो जास्त तितकी वर्गणी जास्त, हे गणित मला कळतं. पण टीशर्ट धुतला की पहिल्यांदा तडे जातात ते चेहऱ्यांनाच. तर एका वर्षी यात्रा कमिटीत कपड्यांचं खातं माझ्या चुलतभावाकडं आलं आणि त्यानं मला पुण्याला फोन लावला.

"ताई, तू एवढी लोकांची पोस्टरं करतेस, आपल्या यात्रेचं कर की. फक्त देवाचा फोटो नको म्हणतायत जुनी माणसं. धुण्यात जातो, पायाखाली येतो. बाकी काय पण काढ. तमाशावर काढ काहीतरी."

तमाशावर काढायचं म्हटलं की डिझाइन करणाऱ्याचा हात आपसूक एकाच आकृतीकडं जातो. नऊवारीतली बाई, एक पाय उचललेला, कमरेत बाक, पदर हवेत. ही बाई इंटरनेटवर तयार मिळते, हव्या त्या रंगात. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या ढाब्यांच्या पाट्यांवर ती असते, मिसळीच्या दुकानांत असते, महाराष्ट्र दिनाच्या बॅनरवर तर असतेच असते. मला तिचा कंटाळा आलाय हे एक झालं. दुसरं कारण जरा घरचं आहे. माझ्या लहानपणी आमच्या घरातल्या एकाही बाईनं यात्रेचा तमाशा पाहिलेला नाही. कनातीत गडीमाणसं जायची. आम्ही सगळ्या गच्चीवर गोधड्या टाकून पडायचो आणि ऐकायचो. कर्णे इतके मोठे की ऐकू न येण्याची सोयच नव्हती. आजी नुसत्या आवाजावरून सांगायची, आता गण झाला, आता गवळणी निघाल्या, आता मावशी आली बघ. ढोलकी एकटी सुटली की ती बोलणं थांबवायची. मध्यरात्रीनंतर वग सुरू झाला की मात्र तिला झोप लागायची, कारण वगात बोलणं फार आणि ते आमच्यापर्यंत धड पोचायचं नाही.

ती पदर उडवणारी बाई, म्हणजे, आम्ही कधी पाहिलीच नव्हती. आम्हाला ठाऊक होती ती ढोलकी. मग टीशर्टवर ढोलकीचा आवाजच काढला तर?

आवाजाचं चित्र म्हटल्यावर माझ्या धंद्यातल्या कुणाच्याही डोळ्यांपुढं एकच कव्हर येतं. १९७९ साली मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजन या बँडचा पहिला अल्बम आला, 'अननोन प्लेझर्स'. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या बारीक आडव्या रेघा, एकाखाली एक, आणि मधोमध प्रत्येक रेघ उसळून डोंगर झालेली. दर्शनी बाजूला बँडचं नाव नाही, अल्बमचं नाव नाही. हे कव्हर पीटर सॅव्हिल यांनी केलं. आज ते अल्बमपेक्षा टीशर्टवर जास्त पाहिलं जातं. पुण्यात एफसी रोडवर तो टीशर्ट घालून हिंडणाऱ्या दहातल्या नऊ मुलांनी तो बँड ऐकलेला नसेल, अशी माझी खात्री आहे. त्यात त्यांचं काही चुकतंय असंही मला वाटत नाही.

गंमत म्हणजे त्या रेघांचा त्या संगीताशी काडीचा संबंध नाही. त्या आहेत एका ताऱ्याच्या. १९६७ मध्ये केंब्रिजला जोसलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला आकाशातून ठरावीक अंतरानं येणारे रेडिओ ठोके सापडले. तो पहिला पल्सार, सीपी १९१९. दर १.३३७ सेकंदाला एक ठोका, घड्याळ लाजेल इतका नेमका. पुढं हॅरॉल्ड क्राफ्ट यांनी प्वेर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या दुर्बिणीवर त्याचे ठोके नोंदवले आणि लागोपाठचे ८० ठोके एकाखाली एक रचून काढलेला आलेख १९७० च्या आपल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या प्रबंधात घातला. तो फिरत फिरत खगोलशास्त्राच्या एका कोशात गेला, तिथं बँडच्या गिटारवाल्याला दिसला, आणि सॅव्हिल यांनी पांढऱ्यावरच्या काळ्या रेघा उलटवून काळ्यावर पांढऱ्या केल्या. बाकी काही केलं नाही म्हटलं तरी चालेल. तेवढं पुरलं.

त्यानंतर जगानं त्या रेघांचं काय काय केलं ते विचारू नका. रेघांचं मांजर, रेघांची गिटार, रेघांत बसवलेल्या शहरांच्या इमारती. २०१२ मध्ये डिस्नीनं त्या रेघांतून मिकी माउसचं डोकं काढलेला टीशर्ट विकायला ठेवला आणि ओरड झाल्यावर मागं घेतला. मला रेघांची ढोलकी काढायची नव्हती. ते दहा मिनिटांचं काम होतं आणि दहा मिनिटांचंच दिसलं असतं.

उसनं घेण्याला माझी हरकत नाही. या धंद्यात सगळे घेतात, आणि आपल्याकडूनही घेतलंय. रोलिंग स्टोन्स या इंग्रज बँडची ती प्रसिद्ध जीभ जॉन पॅश यांनी १९७० मध्ये काढली, तेव्हा बँडचा गायक मिक जॅगरनं त्यांच्यापुढं कालीमातेचं चित्र ठेवलं होतं. पॅश यांनी त्यातली जीभ आणि तिचा उद्धटपणा तेवढा घेतला, देवी तिथंच राहू दिली. उलट गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या १९६७ च्या एका अल्बमवर आपल्याकडच्या कॅलेंडरातलं विश्वरूपदर्शन अख्खं उचलून त्यावर वादकांची तोंडं बसवलेली आहेत. दोन्ही कव्हरं गाजली. पण एकाला मी काम म्हणते, दुसऱ्याला म्हणत नाही.

तेव्हा मी स्वतःपुरतं ठरवलं की क्राफ्ट यांची रीत घ्यायची, चित्र घ्यायचं नाही. तालाची एक फेरी, म्हणजे एक आवर्तन, तिची एक रेघ. रेघा एकाखाली एक रचायच्या. पुढं जे दिसेल ते दिसेल.

आता आमच्या भागाचं नशीब बघा. नारायणगावपासून थोड्याच अंतरावर खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं ती उभी राहिली. पल्सारचा अभ्यास हे तिथल्या मोठ्या कामांपैकी एक. आणि नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी, विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं गाव. पाडव्याच्या सुमारास तिथं फडांच्या राहुट्या पडतात, प्रत्येकीवर फडाची भडक पाटी, आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या तिथं सुपारी द्यायला येतात. ताऱ्याचे ठोके मोजणारे आणि ढोलकीचे ठोके विकणारे एकाच बाजारात भाजी घेतात. हे डोक्यात आल्यावर मला दुसरं काही सुचेना.

आधी मी गेल्या यात्रेतली मोबाइलवरची रेकॉर्डिंगं मागवून पाहिली. त्यात ढोलकी कमी आणि शिट्ट्या जास्त. शिवाय कर्णे आवाज फाडतात, त्यामुळं आलेखाला सगळीकडं सपाट माथे येतात. मग भावाला घेऊन सरळ राहुट्यांवर गेले. एका फडाच्या मॅनेजरनं आम्हाला पाहताच वही उघडली. "कोणतं गाव? किती तारीख?" मला फक्त ढोलकी रेकॉर्ड करायचीय हे त्यांच्या पचनी पडायला चहाचा एक कप जावा लागला. मग त्यांनी मागं हाक मारली आणि ढोलकीवाले तात्या आले.

तात्यांनी विचारलं, "किती वाजवू?" मी म्हटलं, दोन-तीन मिनिटं, लावणीची चढती लय, केरवा. त्यांनी ढोलकी मांडीवर घेतली, दोन थापा मारल्या आणि थांबले.

"नुसतं वाजवून काय होतंय? समोर पाय पाहिजेत."

राहुटीत कडेला एक ताई शेंगा सोलत बसल्या होत्या, फडातल्याच नर्तकी. तात्यांनी नुसतं त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं, चाळ बांधले, अंगावर साधं गाऊनवजा काहीतरी तसंच, आणि मातीत उभ्या राहिल्या. माझा रेकॉर्डर मी ढोलकीच्या डाव्या अंगाला, घुमाऱ्याच्या बाजूला ठेवला. चाळांचा आवाज आत येणार हे दिसत होतं, पण त्याची फार चिंता नव्हती. चाळ वाजतात वरच्या पट्टीत, घुमारा असतो तळाला. दोन्ही नंतर वेगळे करता येतात.

मग जे वाजलं ते मी गच्चीवरून कधी ऐकलेलं नव्हतं. कर्ण्यातून ढोलकीची फक्त टणक बाजू पोचायची. चार फुटांवरून ऐकताना डाव्या हाताचा घुमारा पोटात लागतो. थाप पडल्यावर तात्या मनगट पुडीवर दाबत पुढं ढकलतात आणि सूर वर चढतो, प्रश्न विचारल्यागत. ताईंनी पाय मारला की ढोलकी किंचित पुढं सरकायची, आणि ढोलकी सरकली की पाय अजून पुढं. कोण कोणाला पळवतंय ते कळत नव्हतं. भाऊ माझ्याकडं न बघता जमिनीकडं बघत होता. बहिणीसमोर तमाशातली ढोलकी ऐकायचं त्याला अवघड वाटत असणार.

बिदागीचं मी आधीच बोलून ठेवलं होतं, दोघांच्या नावानं वेगवेगळी. हे त्यांचं वाजवणं आहे, मी फक्त त्याच्या रेघा काढणार. तेव्हा टीशर्टवर ढोलकी कुणाची ते छापलं जाईल असंही सांगितलं. मॅनेजर म्हणाले, फडाचं नाव टाका. तात्या म्हणाले, दोन्ही टाका, माझं वर. यावर त्यांच्यात जे झालं ते मी गाडीत बसेपर्यंत चालू होतं.

पुण्याला येऊन फाइल ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. रेकॉर्डर सेकंदाला ४८,००० वेळा आवाज मोजतो. ते सगळं कागदावर उतरवलं तर नुसता काळा पट्टा होतो. म्हणून सेकंदाच्या दर शंभराव्या भागात आवाजाची ताकद किती एवढाच आकडा ठेवला. आवर्तन सुरुवातीला साधारण २.४ सेकंदांचं, म्हणजे एका रेघेत २४० बिंदू. प्रोसेसिंग नावाच्या, कोडमधून चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये छोटा प्रोग्राम लिहून ते बिंदू जोडले.

पहिलं चित्र कंगव्यासारखं आलं. सगळे दातेच दाते. ढोलकीचा ठोका फटकन चढतो आणि तितक्याच लवकर विरतो, त्याला डोंगर होण्याइतकी बूडरुंदी नसते. पल्सारच्या चित्रात रेघेच्या दोन्ही कडा शांत आणि मधेच उसळी असते, कारण ताऱ्याचा ठोका फार थोडा वेळ टिकतो आणि बाकी वेळ नुसता गोंगाट. ढोलकीत अशी शांत जागा नसतेच. दोन ठोक्यांच्या मधल्या फटीतही बोटं काही ना काही बोलत असतात. कडेला सपाट रेघा जोडून द्याव्यात असा मोह झाला. दिसायलाही छान दिसलं असतं. पण मग ते तात्यांचं वाजवणं राहिलं नसतं, त्या कव्हरची नक्कल झाली असती.

त्यावर असा मार्ग निघाला: आवाज दोन हिश्शांत तोडला. २०० हर्ट्झच्या खालचा घुमारा वेगळा आणि वरची चाटेची, म्हणजे टणक, बाजू वेगळी. घुमाऱ्याचा आलेख मऊ येतो, त्याला चढ असतो, उतार असतो. मनगट दाबून सूर लांबवला असेल तिथं उतार लांबतो. त्याचे डोंगर केले. वरच्या बाजूचा जोर पाचपटीनं कमी करून त्या डोंगरांच्या अंगावरची थरथर म्हणून ठेवला. चाळ त्या थरथरीत कुठंतरी आहेत. ते मी काढून टाकले नाहीत.

आवर्तन कुठं सुरू होतं हे मात्र कॉम्प्युटरला सांगता येईना. त्याला वाटतं सगळ्यात मोठा ठोका म्हणजे सम, आवर्तनाची पहिली मात्रा. ढोलकीवाला तर समेला हलकेच स्पर्श करून पुढच्या मात्रेवर दणका देतो, त्यातच त्याची मजा. शेवटी हेडफोन लावून, हातानं टाळी देत, एकेका समेवर खूण केली. साठ आवर्तनं. घरच्यांना वाटलं मला भजनाचा नाद लागला.

आता रेघा रचायच्या कशा? इथं मी सगळ्यात जास्त रेंगाळले. क्राफ्ट यांचा तारा लय सोडत नाही, त्यामुळं त्यांच्या रेघा सारख्या लांबीच्या आणि ठोके बरोबर एकाखाली एक. तात्यांची लय चढते. पहिलं आवर्तन २.४ सेकंदांचं आणि शेवटचं १.९ च्या आत. सगळ्या रेघा ताणून एकसारख्या केल्या तर चौकोनी, नीटनेटकं, मेलेलं चित्र मिळालं. प्रत्येक रेघेला २.४ सेकंदांची ठरावीक खिडकी दिली तर डोंगर ओळीओळीनं डावीकडं सरकत कडेतून बाहेर पडले आणि उजवीकडून परत आत आले, नुसते तिरके पट्टे. ते पाहून खोडदची आठवण झाली. विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, तिथं प्रदर्शन भरतं आणि बाहेरच्यांना आत सोडतात. एका वर्षी तिथल्या संशोधकानं मला पल्सारचे आलेख दाखवत सांगितलं होतं की ठोके तिरके सरकताना दिसले की समजायचं, आपण धरलेला काळ बरोबर नाही. मग तो बदलत जायचं, रांग सरळ होईस्तोवर. त्यांना तो तिरकेपणा घालवायचा असतो. मला तो कसा ठेवायचा हा प्रश्न होता.

उत्तर साधं निघालं. प्रत्येक रेघ समेपासून सुरू करायची आणि आवर्तन संपेल तिथं तोडायची, ताणायची नाही. डावी कड मग सरळ ओळंब्यात राहते. उजवी कड खाली येता येता आत आत येते. चित्र वर रुंद, खाली अरुंद. आणि ही उजवी कड गुळगुळीत नसते. तीन-चार रेघा एकाच लांबीच्या, मग एकदम एक पायरी आत, पुन्हा थोडं स्थिर, पुन्हा आत. एका ठिकाणी एक रेघ चक्क बाहेर आलेली. लय चढणं म्हणजे काय हे मी बोलताना हजारदा म्हटलं असेल. ते असं पायऱ्यापायऱ्यांनी होतं हे मला तेव्हा डोळ्यांना दिसलं.

बाकीची कारागिरी ठरलेली. रेघा वरून खाली काढत जायच्या आणि प्रत्येक रेघेच्या खालचा भाग कोरा ठेवायचा, म्हणजे मागची रेघ पुढच्या डोंगराआड दडते. तेवढ्यानं सपाट चित्राला खोली येते.

नमुना कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. पहिलं उत्तर आलं, "काय डोंगार!" दुसरंही तेच. २०२२ मध्ये सांगोल्याच्या आमदारांचा गुवाहाटीहून केलेला तो फोन गाजल्यापासून महाराष्ट्रात कुणालाही कसलाही चढउतार दाखवला की दुसरं काही सुचत नाही. तिसऱ्यानं "काय झाडी" राहिली म्हणून आठवण केली. मी मुकाट ढोलकीची रेकॉर्डिंग टाकली आणि लिहिलं, हे वाजतंय तेच काढलंय. मग जरा वेळ ग्रुप गप्प. मग एका काकांनी लिहिलं, पोरी, देवाच्या कामाला काळं कापड चालायचं नाही.

मी सवयीनं काळ्यावर पांढरं दाखवलं होतं. काकांच्या त्या एका वाक्यानं माझं अर्धं काम केलं. काळं गेलं तसं ते मँचेस्टरचं कव्हरही मानगुटीवरून उतरलं. पांढरं कापड सुचवलं तर "गुलालात राहील का?" हळदीच्या पिवळ्यावर एकमत झालं, त्यावर कुंकवाच्या रंगाच्या रेघा. छपाईच्या हिशेबानंही हे उत्तम. गडद कापडावर फिकट शाई छापायची तर आधी पांढरा अस्तर-थर मारून तो सुकवावा लागतो, मग वरचा थर, आणि प्रत्येक थराबरोबर रेघ जाड होते. फिकट कापडावर गडद शाई एका हातात बसते.

"पण फोटो कुठं बसणार?" हा प्रश्न यायचाच होता. पुढच्या बाजूला एकही अक्षर नको म्हणून मी अडून बसले. फक्त तळाशी बारीक टाइपात ढोलकीवाल्यांचं आणि फडाचं नाव. पाठ मात्र पूर्ण कमिटीला दिली. ती तमाशाच्या हँडबिलासारखी भरून काढली. दुहेरी चौकट, कोपऱ्यात फुलं, मधे 'सह' हा शब्द इवलासा, दोनदोन उद्गारचिन्हं, आणि वर्गणीदारांची नावं मोठ्यापासून बारीक होत जाणारी. कुणाचं नाव किती मोठं हा वाद वर्गणीच्या पावतीबुकानं परस्पर मिटवला. फोटोवाले नाराज होतील असं वाटलं होतं, पण सावली दिलेल्या जाड अक्षरांत स्वतःचं नाव पाहून बरेच जण खूश झाले. अक्षरासाठी आधी 'एक टाइप' या फाँट करणाऱ्या संस्थेचं 'मोदक' लावून पाहिलं. तो फाँट मला फार आवडतो, पण इतकी गुबगुबीत अक्षरं नाव लांब झालं की मावेनात. शेवटी राहुट्यांवरच्या पाट्यांचे फोटो समोर ठेवून नावं हातानंच काढली. अक्षरकार कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींत नुसत्या अक्षरांतून नाटकाचा स्वभाव दाखवला, त्या परंपरेच्या पायरीवर बसायचीही माझी लायकी नाही. पण पेंटरची अक्षरं हातानंच काढावी लागतात, एवढं मात्र कळलं.

छपाई नारायण पेठेतल्या एका जुन्या स्क्रीनवाल्यांकडं केली. त्यांनी फिल्म उजेडाकडं धरली आणि म्हणाले, या रेघा अर्ध्या पॉइंटच्या आहेत, जाळीत अर्ध्या अडकतील. एक पॉइंटच्या खाली त्यांनी जाऊ दिलं नाही. दुसरं म्हणजे माझ्या रेघा जवळजवळ आडव्या. जाळीचे धागेही आडवे-उभे. रेघ धाग्याला समांतर गेली की तिला करवतीसारखे दात येतात. त्यांनी फिल्म फ्रेमवर किंचित तिरकी लावली, मग त्या हिशेबानं टीशर्टही तिरका अंथरला. हे मी वीस वर्षं छपाई बघून कधी लक्ष देऊन पाहिलं नव्हतं. कापड तिरुपूरचं, १८० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम. शाई पाण्यातली, कारण रबरी शाईचा पापुद्रा छातीवर बसतो आणि चैत्र-वैशाखात आतून घाम सुटतो. एक नमुना भट्टीतून काढून त्यांनी दोन्ही हातांनी ताणला, रेघा तुटत नाहीत ना ते पाहिलं, आणि पोराला म्हणाले, "हाण."

भावानं त्याच फडाला सुपारी दिली होती. तो म्हणतो दर परवडला; मला वाटतं राहुटीत मान खाली घालून ऐकलेलं त्याला विसरता आलं नाही. यात्रेच्या दिवशी संध्याकाळी फडाची गाडी आली तेव्हा मंडपात पिवळे टीशर्ट घातलेली पोरं खुर्च्या मांडत होती. तात्यांनी आधी तळाचं नाव वाचलं. त्यांचं वर, फडाचं खाली. मग विचारलं, बाकीचं हे काय काढलंय? मी सांगितलं: वरची रेघ पहिलं आवर्तन, खालची शेवटचं, डावीकडं सम.

त्यांनी माझ्या भावाला उजेडाला उभं केलं आणि त्याच्या छातीवरून बोट फिरवायला सुरुवात केली, तोंडानं बोल म्हणत. पाच-सहा रेघांनंतर बोट उजव्या कडेला गेलं. "हितं तिनं पाय मारला." पहिली पायरी. थोडं खाली, "हितं मी तिला सोडली, बघ, लांबलंय." मग ती बाहेर आलेली रेघ आली. त्यांनी डोळे बारीक केले, बोल पुन्हा म्हटले, आणि मोठ्यानं हसले. "मॅनेजरचा फोन वाजला होता हितं!" घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं. तिथं खरंच, अगदी मागं, फोन वाजतोय. भाऊ हात वर धरून, पोट आत घेऊन, सगळी साठ आवर्तनं संपेपर्यंत उभा होता.

सगळ्यांना ते इतकं कळलं असं मी म्हणणार नाही. बहुतेकांच्या लेखी ते डोंगरच होते, कुणी शिवनेरी म्हणालं, कुणी चढत जाणारा सेन्सेक्स. एका कॉलेजच्या पोरानं तो टीशर्ट घालून पुण्यात फोटो टाकला, तर त्याला मित्रांनी विचारलं, हा कुठला बँड? त्यानं फडाचं नाव लिहिलं. हे मला फार आवडलं.

सध्या हलगी हाताळतेय. कमिटीला पुढच्या वर्षी कुस्त्यांच्या आखाड्यासाठी वेगळा टीशर्ट हवाय, आणि आखाड्यात ढोलकी नसते, हलगी असते. हलगी तापवली की तिचा आवाज इतका कोरडा आणि टोकदार होतो की घुमाऱ्याची युक्ती तिथं लागू पडत नाही. आवर्तन मोजायलाही जमत नाही, कारण हलगीवाला पैलवानांकडं बघून वाजवतो. पकड पडली की दाटतो, खडाखडी चालू असली की रेंगाळतो. म्हणून एक कुस्ती म्हणजे एक रेघ करून बघतेय. चितपट झालेली कुस्ती बोटभर येते, ते झकास दिसतं. बरोबरीत सोडवलेली कुस्ती मात्र टीशर्टच्या बाहेर जाते, काखेतून वळून पाठीवर. भाऊ म्हणतो पाठीवर येऊ दे, वर्गणीदारांची नावं जरा खाली सरकवू. ते वर्गणीदारांना कोण सांगणार यावर आमचं अजून ठरलेलं नाही.